पत्ता नसलेला रुग्ण

(भंडारदरा येथे वैद्यकीय सेवाकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



भंडारदऱ्यास येणारा पाहुणा पाणी पाहावयास येतो. १९२६ साली पूर्ण झालेले प्रवरेवरील हे धरण, अकरा टीएमसीचा जलाशय, एका अंगास रतनगड आणि दुसऱ्या अंगास कळसूबाईचे शिखर, एवढे पाहून तो समाधानाने परततो. या जलाशयास आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे यांचे नाव दिले आहे. इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलल्यानंतर राघोजी घरदार सोडून रानोमाळ हिंडले. अखेर पंढरपुरात पकडले गेले आणि १८४८ साली ठाण्याच्या कारागृहात फाशी गेले. घर सोडून हिंडणाऱ्या त्या माणसाला या डोंगरांतील झोपड्या-झोपड्यांनी भाकरी दिली, आसरा दिला, आणि त्याचे नाव दीडशे वर्षांनंतरही जपले.

घर सोडलेल्या माणसाविषयी आपल्या समाजाच्या मनात असा आदर पूर्वीपासून आहे. संन्यासी घर सोडतो, वारकरी काही दिवसांपुरते घर विसरतो, परिव्राजकाला तर एका गावी फार काळ राहण्याचीही मुभा नाही. ‘अनिकेत’ म्हणजे ज्याला घर नाही तो. हे नाव आपण कौतुकाने मुलाला ठेवतो. परंतु ज्याचे घर व्रताने नव्हे तर व्याधीने सुटले, त्या माणसाच्या वाट्याला काय येते? केसांच्या जटा, अंगावर चिंध्या, पायाला चिघळलेली जखम आणि मागे दगड मारणारी पोरे. एक घर सोडलेला पूजनीय आणि दुसरा हाकलण्यायोग्य, हा भेद आपण कोणत्या शास्त्राच्या आधारे करतो, याचा विचार कधीतरी करावयास हवा.

येथे बसलेल्यांपैकी बहुतेक जण दवाखान्यांशी संबंधित आहेत. रुग्ण आला की प्रथम केसपेपर निघतो. त्यावर नाव, वय, पत्ता आणि सोबतच्या नातेवाइकाचे नाव लिहावे लागते. रस्त्यावरच्या रुग्णाची अडचण येथेच, तपासणीच्या खोलीत पाऊल ठेवण्याआधीच सुरू होते. त्याला पत्ता नसतो, सोबत कोणी नसते, आणि पुष्कळदा नावही सांगता येत नाही. मग कागदावर ‘अनोळखी’ असे लिहिले जाते. हा शब्द लिहिणाऱ्याचा दोष नाही. पण एकदा तो लिहिला गेला की त्या रुग्णाची वाट पाहणारे कोणी नाही, विचारणारे कोणी नाही, हे सर्वांना कळून चुकते. खाटेवरून तो पुन्हा फाटकाबाहेर केव्हा जातो, ते कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

अशी माणसे किती? २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार माणसे घरावाचून आढळली. त्यांतील दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रात होती. ही मोजणी एका रात्रीत पुलाखाली, फलाटावर, देवळाच्या पायऱ्यांवर करावी लागते, हे लक्षात घेतले तर प्रत्यक्षातील आकडा याहून मोठा असणार, हे सांगावयास तज्ज्ञ लागत नाही. यांतील सगळेच मनाने आजारी नसतात. कोणी कामाच्या शोधात आलेला मजूर असतो, कोणी मुलांनी बाहेर काढलेला वृद्ध, कोणी कर्करोगाच्या उपचारासाठी मुंबईस येऊन पदपथावर पथारी टाकलेला बाप. परळच्या त्या पदपथांवरील रुग्णांना छप्पर मिळावे म्हणून १९६८ साली नाना पालकर स्मृती समिती उभी राहिली, आणि तिचे रुग्णसेवा सदन बाहेरगावच्या रुग्णांचा आधार झाले. त्याच मुंबईत दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा हेच काम करते. ज्या गाडगेबाबांनी आयुष्यभर धर्मशाळा बांधल्या, त्यांनी स्वतःसाठी खोली बांधली नाही. १९५६ साली त्यांचा देहही अमरावतीजवळ वाटेतच पडला.

पण आज प्रामुख्याने ज्यांच्याविषयी बोलावयाचे आहे, त्या आहेत रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रिया. कारण त्यांच्या सेवेचे या राज्यातील एक मोठे काम याच जिल्ह्यात उभे आहे, आणि जिल्ह्याच्या या डोंगराळ टोकाला राहणाऱ्यांना त्याची पुरेशी माहिती नाही.

डॉ. राजेंद्र धामणे आणि डॉ. सुचेता धामणे हे नगरचे होमिओपॅथ दांपत्य. व्यवसाय सुरू करून स्थिर व्हावे, असे त्यांचे वय होते. एके दिवशी डॉ. राजेंद्र यांना रस्त्याकडेला एक माणूस विष्ठा खाताना दिसला. डॉक्टरांनी त्याच्यापुढे अन्न ठेवले. हे दृश्य पाहून कोणीही हळहळला असता. पण धामणे दांपत्याने दुसऱ्या दिवशीही डबा भरला, तिसऱ्या दिवशीही भरला. घरच्या स्वयंपाकातून नगरच्या रस्त्यांवरील निराधारांसाठी रोज अन्न जाऊ लागले आणि १९९८ साली ‘माउली सेवा प्रतिष्ठान’ आकारास आले.

अन्नदान हा आपल्या संस्कारांचाच भाग आहे. ज्या अहिल्यादेवींचे नाव २०२४ पासून या जिल्ह्याने धारण केले, त्यांचा जन्म याच जिल्ह्यातील चौंडीचा. त्यांनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभारली, हे शाळेतील मुलालाही ठाऊक असते. परंतु अन्नदानाला एक मर्यादा आहे, आणि ती धामणे दांपत्याला रस्त्यावरच उमगली. डबा देऊन देणारा घरी जातो. घेणारी तेथेच राहते, आणि मग रात्र होते. ज्या समाजात स्त्रीला माता म्हणतात, त्याच समाजाच्या महामार्गांवर मन हरपलेल्या स्त्रीवर रात्री काय गुदरते, याचे वर्णन या व्यासपीठावरून करण्याची आवश्यकता नाही. ते सर्वांना माहीत आहे. तिला तक्रार करता येत नाही, साक्ष देता येत नाही, आणि तिच्या पोटातल्या बाळाचा बाप कोण, हे कोणी विचारत नाही.

तेव्हा भाकरी पुरेशी नाही, घर हवे, हा निर्णय २००७ च्या सुमारास झाला. जागेचा प्रश्न डॉ. राजेंद्र यांच्या वडिलांनी सोडवला. नगर–शिर्डी रस्त्यावरील शिंगवे येथील स्वतःची जमीन त्यांनी दिली. तेथे उभे राहिलेल्या घरात रस्त्यावरच्या स्त्रिया आणि त्यांच्या पोटी आलेली मुले राहू लागली. पुढे काम वाढले, ‘मनगाव’ नावाची मोठी वसाहत झाली आणि आश्रय घेणाऱ्यांची संख्या शेकड्यांत गेली. या घराच्या दोन गोष्टी मुद्दाम सांगण्याजोग्या आहेत. पहिली ही, की एचआयव्हीची बाधा झालेल्या स्त्रीलाही तेथे दार बंद नाही. दुसरी ही, की तेथे मृत्यू आला तर अंत्यसंस्कार घरच्या माणसाप्रमाणे होतात. ज्यांना जिवंतपणी कोणी हात लावला नाही, त्यांच्या चितेला तेथे अग्नी देणारे माणूस असते.

आता वैद्यकाच्या बाजूने पाहू, कारण भक्तिभावाने भारावून जाणे सोपे असते आणि जखम धुणे अवघड असते.

रस्त्यावरची स्त्री आणली की पहिले औषध म्हणजे कोमट पाणी. वर्षानुवर्षे न विंचरलेल्या केसांचा नमद्यासारखा गठ्ठा झालेला असतो. त्यात उवा, माती, कधी जखम आणि जखमेत अळ्या. केस कापावे लागतात. अळ्या पडलेल्या जखमेत टर्पेंटाइन तेलाचे थेंब टाकले की त्या वर येतात, मग चिमट्याने एकेक काढावी लागते. हे काम एका बैठकीत संपत नाही. सर्वांगाला खरूज असते. रक्त तपासावे तर हिमोग्लोबिन इतके खाली असते की ही उभी कशी राहते, याचेच नवल वाटावे. छातीत क्षय असू शकतो. गर्भ आहे की नाही, हे मनाच्या आजाराची औषधे सुरू करण्यापूर्वी पाहावेच लागते, कारण त्यांतील काही औषधे गर्भास घातक असतात. आणि दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या देहाला दया येऊन एकदम भरपेट जेवू घालणे हेही घातक ठरू शकते. रक्तातील क्षारांचा तोल बिघडून हृदयावर ताण येतो. म्हणून थोडे थोडे, जीवनसत्त्वांसह, दिवसागणिक वाढवत न्यावे लागते. करुणेलाही मात्रा असते.

आणखी एक सावधगिरी. रस्त्यावर असंबद्ध बोलणारा प्रत्येक माणूस वेडा असतो, असे नाही. डोक्यास मार, मेंदूतील संसर्ग, रक्तातील साखर उतरणे, थायरॉइडचा विकार, जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता, दारू अचानक तुटल्याने होणारा भ्रम, यांपैकी काहीही असू शकते. कपडे पाहून निदान करणारा वैद्य येथे हमखास चुकतो. तापाने बरळणाऱ्या मजुराला वेडा ठरवून वाट मोकळी करणे हा त्या मजुराचा जीव घेण्याचाच प्रकार आहे.

आणि जवळ कसे जावे? या क्षेत्रात काम करणारे सगळेच जण थोड्याफार फरकाने एकच गोष्ट सांगतात. उभ्याने बोलू नये, जमिनीवर बसावे. पहिल्या दिवशी आजाराचा विषयही काढू नये. खाणे ठेवावे, नाव सांगावे आणि उठून यावे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा जावे. पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे यांनी २०१५ साली चांगली नोकरी सोडून देवळांबाहेरील भिक्षेकऱ्यांमध्ये बसून उपचार करण्यास प्रारंभ केला. ‘भिक्षेकऱ्यांचे डॉक्टर’ हीच त्यांची ओळख झाली. त्यांच्या कामात पायऱ्यांवर बसून गप्पा मारणे हा वेळेचा अपव्यय नसून तो उपचाराचाच भाग असतो. त्या गप्पांतूनच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेण्यास म्हातारी तयार होते, आणि त्या गप्पांतूनच एखादा धडधाकट माणूस भिक्षेचा कटोरा ठेवून काम करू लागतो.

अमेरिकेतील बोस्टन शहरात डॉ. जिम ओ’कॉनेल यांनी १९८५ साली बेघरांसाठी वैद्यकीय सेवा सुरू केली, तेव्हाचा प्रसंग प्रसिद्ध आहे. मोठ्या रुग्णालयात तयार झालेला हा तरुण डॉक्टर बेघरांच्या निवाऱ्यात आला. तेथील अनुभवी परिचारिका बार्बरा मॅकिनिस यांनी त्याला स्टेथोस्कोप बाजूला ठेवावयास सांगितले आणि आलेल्या माणसांचे पाय पाण्यात भिजवून धुण्याच्या कामाला लावले. दिवसभर चालून सुजलेले, भेगाळलेले पाय. ते धुता धुता, महिनोन् महिने कोणत्याही डॉक्टरशी न बोललेली माणसे आपण होऊन बोलू लागली. आपल्याकडे राजसूय यज्ञात श्रीकृष्णाने पाहुण्यांचे पाय धुण्याचे काम स्वतःकडे घेतले, ही कथा कीर्तनांतून शतकानुशतके सांगितली जाते. कथेला माना डोलावणाऱ्यांपैकी किती जण पाण्याची घागर घेऊन बसस्थानकावर जातात, हा प्रश्न बोस्टनच्या त्या परिचारिकेने न विचारताही आपल्यापुढे उभा राहतो.

घराबाहेर फेकलेल्या रुग्णाने स्वतःच सेवेचे घर उभारल्याचे उदाहरण पाहावयाचे तर छत्तीसगडात चांपा येथे जावे. सदाशिवराव कात्रे हे रेल्वेतील नोकरदार. कुष्ठरोग झाला आणि माणसांनी पाठ फिरवली. त्यांनी १९६२ साली भारतीय कुष्ठ निवारक संघाची स्थापना केली. पुढे अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे दामोदर गणेश बापट तेथे गेले आणि आयुष्यभर तेथेच राहिले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१९ साली ते गेले आणि देहही वैद्यकीय अभ्यासासाठी देऊन गेले. कुष्ठरोगावर आता नेमका आणि विनामूल्य औषधोपचार आहे. अंगावरचे रोगजंतू काही महिन्यांत जातात. पण एकदा सुटलेले घर गोळीने परत मिळत नाही, हे चांपा येथील म्हाताऱ्या माणसांकडे पाहून कळते.

घर परत मिळवून देणे हाच ज्यांनी उपचाराचा भाग मानला, ते डॉ. भरत वाटवानी. मुंबईत १९८८ च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिणारा एक तरुण पाहिला. उपचारानंतर तो बोलू लागला तेव्हा कळले, की तो आंध्र प्रदेशातील एका सुशिक्षित घरातला पदवीधर मुलगा आहे. त्यातून श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन जन्मास आले. पुढे रायगड जिल्ह्यातील कर्जत येथे त्याचे केंद्र झाले आणि २०१८ साली डॉ. वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तोवर हजारो माणसे त्यांनी आपापल्या घरी पोहोचवली होती.

हे कसे घडते, ते जाणून घेण्यासारखे आहे. औषध सुरू झाल्यावर भास ओसरण्यास काही आठवडे लागतात. मग रुग्णाच्या बोलण्यात तुकडे येऊ लागतात. एखाद्या नदीचे नाव, गावच्या देवीचे नाव, बाजाराचा वार, धाकट्या भावाचे टोपणनाव. भाषेच्या लकबीवरून प्रांत कळतो. देवीच्या नावावरून तालुका सापडतो, आणि मग त्या तालुक्यातील पोलीस ठाण्याला दूरध्वनी जातो. ज्या घराने मुलीचे दिवसही घातलेले असतात, त्या घरापुढे ती जिवंत उभी राहते. हे दृश्य पाहणाऱ्याला दुसरे कोणतेही पारितोषिक नको वाटते.

परंतु याच ठिकाणी कटू बाजूही सांगितली पाहिजे. सगळीच घरे दार उघडत नाहीत. पुरुष परतला तर पुष्कळदा स्वागत होते. स्त्री परतली तर ‘इतकी वर्षे कोठे होती’ हा प्रश्न दारातच उभा राहतो. नवऱ्याने दुसरे लग्न केलेले असते, भावांनी जमीन वाटून घेतलेली असते. सोबत मूल असेल तर बोलावयासच नको. म्हणून शिंगव्यासारखे घर हे अनेकींसाठी कायमचेच घर होते. शिवाय अशी संस्था आहे असे कळले की स्वतःच्या घरातील आजारी बाईला रात्री गाडीतून आणून तिच्या जवळपास सोडण्याची युक्तीही काहींना सुचते. समाजाने आपली जबाबदारी संस्थेच्या कुंपणापलीकडे टाकावी आणि वर्षातून एकदा वाढदिवसाचे जेवण देऊन मोकळे व्हावे, याला सेवा म्हणत नाहीत. असे बोलणे देणगीदारांना रुचत नाही, पण ते खरे आहे.

कायद्याची बाजू मात्र आज पूर्वीपेक्षा भक्कम आहे, आणि येथे बसलेल्या प्रत्येकाने ती तोंडपाठ करावी अशी आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला. त्याच्या कलम १०० प्रमाणे, आपल्या हद्दीत भटकणारी व्यक्ती मनोरुग्ण असून स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ आहे असे सकारण वाटल्यास, तिला संरक्षणात घेणे हे ठाणे अंमलदाराचे कर्तव्य आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही. २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे लागते. ती बेघर असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून तिच्या कुटुंबाचा शोध घेणे हेही पोलिसांचेच काम ठरते. कलम १८ त्याही पुढे जाते. निराधार किंवा बेघर मनोरुग्णास सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत विनामूल्य उपचारांचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेचे कार्ड मागून त्यास परत पाठवता येत नाही. दुसरीकडे, १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा अशाच माणसाकडे अपराधी म्हणून पाहतो. एकाच राज्यात एका कायद्याने ती व्यक्ती रुग्ण ठरते आणि दुसऱ्याने आरोपी. ठाण्यात पोहोचणारा कार्यकर्ता कोणता कायदा आधी उच्चारतो, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते.

अडचण अंतराची आहे. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे. या जिल्ह्यात त्यांपैकी एकही नाही. भंडारदऱ्याहून जिल्ह्याचे ठिकाणही दिवस मोडणाऱ्या प्रवासाचे. त्यातून भंडारदरा हे पर्यटनस्थळ. पावसाळ्यात धबधबे पाहावयास हजारो वाहने येतात, आणि गर्दीच्या ठिकाणी जशी हरवलेली माणसे येतात तशी हरवण्यासाठी सोडून दिलेली माणसेही येतात. अकोले तालुक्यातील आदिवासी कुटुंबांची कथा वेगळीच. भात काढून झाला की नारायणगावसारख्या मजूरबाजारांची वाट धरावयाची, मोकळ्या पटांगणात चूल मांडावयाची आणि पाऊस आला की परतावयाचे. ज्याला गावी घर आहे तोही असा काही महिने बेघरच असतो. त्या काळात क्षयाची गोळी चुकते, बाळाची लस चुकते, रक्तदाबाचे औषध संपते. इन्शुलिन घेणाऱ्याने ते उघड्यावर ठेवावे कोठे? ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात ते बरेच दिवस टिकते, एवढी साधी माहितीही त्याच्यापर्यंत पोहोचलेली नसते.

तेव्हा येथून उठून जाताना काही ठरवावयाचे असेल तर ते लहान असावे. शेंडीच्या थांब्यावर अशी एखादी बाई दिसली, तर पहिल्या दिवशी दोन स्त्री-कार्यकर्त्यांनीच जावे, पुरुषांनी अंतरावर राहावे. घोंगडी, पाणी आणि मऊ भात न्यावा. तिच्या संमतीवाचून छायाचित्र काढू नये. आज असे छायाचित्र क्षणात गावभर फिरते आणि ते पाहून नको तो माणूस आधी पोहोचतो. राजूर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा, त्यावर वेळ घालावी आणि पोच घ्यावी, कारण चोवीस तासांची मोजणी घड्याळाने होते. राजूरच्या ग्रामीण रुग्णालयात तिच्याबरोबर कोणीतरी बसावे, रात्रीही बसावे. केसपेपरवर नातेवाईक म्हणून सही करावयाची वेळ आली तर ‘सोबत आलेली व्यक्ती’ असे लिहून स्वतःचे नाव आणि भ्रमणध्वनी क्रमांक द्यावा. ती पुढे येरवड्यास गेली, शिंगव्यास गेली किंवा सुदैवाने स्वतःच्या घरी गेली, तरी महिन्याने एकदा विचारपूस करावी. औषधे घरी पोहोचल्यावरच बंद पडतात आणि आजार तेथूनच उलटतो. त्या घराजवळच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना एक पत्र लिहावे. त्यात औषधाचे नाव, मात्रा आणि पुढच्या गोळ्या कोणत्या तारखेला संपणार, एवढे असले तरी चालेल.